स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलायचंय? मग आधी अजेंडा उघडा

शुक्रवारी संध्याकाळी आपण सगळे दूध-भाजी आणायला नाहीतर पोरांना स्विमिंगला सोडायला बाहेर पडलेले असतो ना, नेमकी तेव्हाच आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर एक पीडीएफ येऊन पडते. मंगळवारी संध्याकाळी बोर्डाची मीटिंग असेल तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंत, आणि शनिवारी ऑफिस बंद म्हणून बहुतेक ठिकाणी तो शुक्रवारीच लागतो. पुढच्या वर्षी आपल्या मुलांच्या शाळेत काय होणार ते त्या पीडीएफमध्ये असतं आणि आपल्यापैकी फार कमी लोक ती उघडतात. मीही उघडत नव्हते.

माझी पहिली बोर्ड मीटिंग अशी झाली. शाळेच्या आवारात चालणारं आफ्टरस्कूल केअर बंद होणार हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं, मी ऑफिसमधून तशीच धावत गेले, कार्ड भरलं, तीन मिनिटं पोटतिडकीने बोलले, आणि समोरचे पाचही ट्रस्टी, म्हणजे बोर्डाचे सदस्य, नुसते बघत राहिले. एकानेही एक शब्द उत्तर दिलं नाही, थँक यू म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडले, खरंच सांगते, मला वाटलं आपला अ‍ॅक्सेंट ऐकूनच यांनी कान बंद केले. नंतर कळलं की तो विषय आधीच्या मीटिंगमध्ये मंजूर होऊन गेला होता, त्या दिवशीच्या अजेंड्यावर नव्हताच, आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला चर्चा करायला कायद्यानेच बंदी आहे. ते गप्प होते कारण त्या विषयावर त्यांना चर्चा करताच येत नव्हती. मी चांगलं बोलले होते, पण दोन आठवडे उशिरा.

म्हणून हे लिहितेय. मी कॅलिफोर्नियात राहते त्यामुळे इथलंच सांगणार, कारण हे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. न्यू जर्सीत १९७५ चा ओपन पब्लिक मीटिंग्ज अ‍ॅक्ट आहे, तिथे शाळांच्या बोर्डाला प्रत्येक मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. टेक्ससमध्ये २०१९ पासून अजेंड्यावरच्या विषयावर बोलायचा हक्क कायद्यात आलाय. न्यूयॉर्कमध्ये मात्र मीटिंग बघायचा हक्क आहे पण बोलू द्यायचं की नाही हे बोर्डावर सोडलंय. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनवाल्यांनी किंवा टेक्ससमधल्या डॅलसवाल्यांनी यातली पद्धत घ्यावी, आकडे आपापल्या राज्याचे बघावेत.

कायदा काय आहे ते थोडक्यात

इथल्या कायद्याचं नाव राल्फ ब्राउन अ‍ॅक्ट, सगळे नुसतं ब्राउन अ‍ॅक्ट म्हणतात, १९५३ सालचा. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलचा मायकल हॅरिस नावाचा रिपोर्टर होता, त्याने १९५२ मध्ये एक लेखमाला लिहिली की गावोगावच्या कौन्सिली आणि बोर्डं बंद दाराआड गुपचूप निर्णय घेतात आणि लोकांना पत्ता नसतो, त्यावरून मोडेस्टोचे असेंब्ली मेंबर राल्फ ब्राउन यांनी हा कायदा आणला. गव्हर्नमेंट कोडमध्ये ५४९५० नंबरपासून पुढे आहे. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की या राज्यातल्या लोकांनी आपलं सार्वभौमत्व आपली सेवा करणाऱ्या संस्थांच्या हवाली केलेलं नाही. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या गावची ग्रामसभा आठवली, वडाच्या पारावर बसून सरपंचाला हिशोब विचारणारे म्हातारे आठवले, भावना तीच आहे.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, आपल्या लोकांना हेच माहीत नसतं: बोलायला सिटिझन असायची गरज नाही. एच-वन-बीवर असा, ग्रीन कार्डच्या रांगेत असा, एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, घरी असा, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा असा, कायदा "लोक" म्हणतो, "मतदार" म्हणत नाही. मत देता येत नाही म्हणून गप्प बसायचं हे आपणच आपल्यावर लादून घेतलंय. शिवाय मीटिंगला बसण्यासाठी नाव-पत्ता लिहून द्या अशी सक्ती ते करू शकत नाहीत, दारात सही करायचा कागद असला तरी ती सही ऐच्छिक असते आणि तसं त्या कागदावर लिहावं लागतं. फोनवर रेकॉर्डिंगही करता येतं, आवाजाने किंवा लाइटने मीटिंगमध्ये सतत व्यत्यय येत नसेल तर ते अडवू शकत नाहीत.

अजेंडा कसा वाचायचा

इथे जरा वेळ काढा कारण खरं काम इथेच आहे.

डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर सध्याच्या अजेंड्याची सरळ लिंक दिसली पाहिजे, मेनूच्या आत मेनू असं लपवून चालत नाही. अजेंडा म्हणजे विषयपत्रिका, त्यात प्रत्येक विषयाचं छोटंसं वर्णन असतं, कायदा म्हणतो ते साधारण २० शब्दांपेक्षा मोठं असायची गरज नाही, त्यामुळे ते वर्णन वाचून फारसं काही कळत नाही. प्रत्येक विषयाखाली जोडलेली कागदपत्रं उघडा. स्टाफ रिपोर्ट, काँट्रॅक्ट, प्रेझेंटेशन, सगळं तिथेच असतं. मीटिंगच्या आदल्या दिवशी ट्रस्टींना नवा कागद दिला असेल तर तो त्याच वेळी लोकांनाही उपलब्ध करावा लागतो, तेव्हा सोमवारी रात्री पुन्हा एकदा बघा.

आता कन्सेंट कॅलेंडर. हा शब्द लक्षात ठेवा. ज्या विषयांवर वाद होणार नाही असं डिस्ट्रिक्टला वाटतं ते सगळे, पंधरा-वीस-तीस विषय, एकत्र बांधून एकाच मताने मंजूर करतात. पगारपत्रकं, छोटी काँट्रॅक्ट, फील्ड ट्रिप, देणग्या असं बरंच काही. मतदानाला एक मिनिटही लागत नाही. आमच्या आफ्टरस्कूल केअरचं काँट्रॅक्ट रिन्यू न करता दुसऱ्या व्यवस्थेत वळवायचा विषय असाच त्या गाठोड्यात होता, नाव होतं काहीतरी "फॅसिलिटी यूज अ‍ॅग्रीमेंटमध्ये दुरुस्ती". त्यावरून कुणाला काय कळणार? पण खाली जोडलेल्या चार पानांत सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. कन्सेंटमधल्या विषयावरही मतदानाआधी बोलता येतं, आणि एखाद्या ट्रस्टीला आधी ईमेल करून "हा विषय कन्सेंटमधून बाहेर काढून वेगळा घ्याल का" असं विचारता येतं. ट्रस्टीने नुसतं म्हटलं तरी बहुतेक बोर्डं तो वेगळा काढतात, मग त्यावर चर्चा होते, वेगळं मत होतं. एका ईमेलचं काम आहे.

मी आता शनिवारी सकाळी चहा घेताना अजेंडा उघडते आणि आमच्या शाळेचं नाव, आमच्या भागाचं नाव, "एलिमेंटरी", "बाउंड्री", "ट्रान्सपोर्टेशन", "स्टाफिंग" असे चार-पाच शब्द सर्च करते. दहा मिनिटं लागतात. लेखी विनंती केलीत तर डिस्ट्रिक्ट तुम्हाला अजेंडा पाठवतंही, ती विनंती त्या कॅलेंडर वर्षापुरती चालते, म्हणून जानेवारी आला की पुन्हा करायची.

मीटिंगचे प्रकारही बघून घ्या. रेग्युलर मीटिंगला ७२ तास, आणि तिथे अजेंड्यावरच्या आणि नसलेल्या दोन्ही विषयांवर बोलता येतं, फक्त विषय बोर्डाच्या अखत्यारीतला हवा. स्पेशल मीटिंग २४ तासांच्या नोटिशीवर घेता येते आणि तिथे फक्त अजेंड्यावरच्याच विषयावर बोलता येतं. त्यामुळे सुट्टीच्या आसपास अचानक स्पेशल मीटिंग लागली तर तिचा अजेंडा जरूर बघा.

अजेंड्यावर नसेल तर?

तरीही बोलता येतं, रेग्युलर मीटिंगमध्ये त्यासाठी वेगळी वेळ असते. पण तिथे बोर्ड काय करू शकतं ते समजून घ्या: थोडक्यात उत्तर देऊ शकतं, एखादा प्रश्न विचारू शकतं, स्टाफला माहिती काढायला सांगू शकतं किंवा पुढच्या अजेंड्यावर घ्या म्हणू शकतं. निर्णय नाही, चर्चा नाही. हा नियम तुमच्याच भल्यासाठी आहे, कारण उद्या कुणी दुसरा येऊन अजेंड्यावर नसलेलं काहीतरी मागेल आणि बोर्ड तिथल्या तिथे मंजूर करेल तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही. तेव्हा अशा वेळी मागणी अशी करा: "हा विषय पुढच्या अमुक मीटिंगच्या अजेंड्यावर घ्या." तेवढं ते करू शकतात, मग तेवढंच मागायचं.

आणखी एक रस्ता आहे जो फारसा कुणी वापरत नाही. एज्युकेशन कोडमध्ये ३५१४५.५ कलम आहे, त्याप्रमाणे शाळांच्या कामाशी थेट संबंध असलेला विषय सामान्य माणूससुद्धा अजेंड्यावर आणू शकतो, आणि तशी सोय बोर्डाने ठेवली पाहिजे. सुपरिंटेंडेंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याला, लेखी कळवायचं, किती दिवस आधी कळवायचं ते डिस्ट्रिक्टच्या बायलॉमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या नियमांत, असतं. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये बायलॉचे नंबर सारखे असतात, ९३२२ अजेंड्याचा आणि ९३२३ मीटिंग कशी चालवायची त्याचा. एकदा हे दोन वाचून काढा, पाच-सहा पानंच असतात.

बोलण्याच्या आधी

ट्रस्टींना ईमेल करा, प्रत्येकाला वेगळी, शक्यतो रविवारपर्यंत. मंगळवारी संध्याकाळी तुम्ही माइकसमोर उभे राहता तोपर्यंत बहुतेकांनी पॅकेट, म्हणजे अजेंडा आणि त्याला जोडलेले कागद, वाचून मन बनवलेलं असतं. ईमेल छोटी हवी. कुठला विषय नंबर, तुम्हाला काय हवंय, का. मुलांची नावं, मुलांचं आजारपण, दुसऱ्यांच्या मुलांबद्दल काही, असलं ईमेलमध्ये अजिबात लिहू नका, कारण ट्रस्टीला आलेली ईमेल पब्लिक रेकॉर्ड असू शकते आणि उद्या कुणीही मागवू शकतो.

एक चूक आपल्याकडून होते, चांगल्या मनाने होते. एका ट्रस्टीशी बोललो, तो म्हणाला मी तुमच्या बाजूने आहे, मग आपण दुसऱ्याला जाऊन सांगतो की "ते अमुक तर हो म्हणालेत, तुम्हीही म्हणा", मग तिसऱ्याला. असं करू नका. बोर्डाच्या बहुमताने मीटिंगच्या बाहेर, कुणाच्या तरी मार्फत का होईना, एखाद्या विषयावर चर्चा करणं ब्राउन अ‍ॅक्टमध्ये बसत नाही, त्याला सिरियल मीटिंग म्हणतात, आणि निरोप पोचवणारे आपण होतो. तुमचं म्हणणं प्रत्येकाला सांगा, एकाचं मत दुसऱ्याला सांगू नका.

मतांचं गणितही माहीत असू द्या. पाच जणांच्या बोर्डात ठराव पास व्हायला तीन मतं लागतात, हजर कितीही असोत, कारण एज्युकेशन कोड पूर्ण बोर्डाचं बहुमत मागतं. तिघेच आलेत आणि एक जण विरोधात गेला तर ठराव पडतो. कुणी काय मत दिलं ते जाहीर करावं लागतं, चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान चालत नाही. बऱ्याच बोर्डांवर हायस्कूलचा एक विद्यार्थी सदस्य असतो, त्याचं मत नोंदवतात पण निकालात मोजत नाहीत, तरी त्यालाही ईमेल करा, मुलांच्या प्रश्नावर ती मुलं फार नीट ऐकतात असा माझा अनुभव आहे.

तीन मिनिटं

वेळ किती द्यायचा ते कायदा सांगत नाही, "वाजवी नियम" करा एवढंच म्हणतो. बहुतेक बोर्डं माणशी तीन मिनिटं देतात आणि एका विषयाला एकूण २० मिनिटं. गर्दी असली की अध्यक्ष दोन किंवा एक मिनिट करू शकतात. तेव्हा भाषण तीनही लांबीचं तयार ठेवा: तीन मिनिटांचं, एक मिनिटाचं, आणि एक वाक्याचं. मी तीन वेगळ्या कागदांवर लिहून नेते.

झूमवर बघता येतं म्हणून झूमवरून बोलताही येईल असं धरून चालू नका, काही ठिकाणी सोय आहे काही ठिकाणी नाही, प्रत्यक्ष गेलात तर नक्की बोलता येतं. लवकर जा, कार्ड भरा, कार्डावर विषयाचा नंबर नीट टाका, नाहीतर तुमचं नाव भलत्याच वेळी पुकारतात.

बोलताना पहिल्या वाक्यात मागणी. "मी विषय १२.३ वर बोलतेय आणि माझी विनंती आहे की आज मतदान पुढे ढकलावं." मग कारण, एकच, तुमच्या घरातलं, तुमच्या रस्त्यावरचं. आपण पटकन सर्व्हे आणि रँकिंगच्या मागे लागतो, ते आकडे त्यांच्याकडे आधीच असतात. तुमच्या मुलाची सकाळ कशी जाते ते त्यांच्याकडे नसतं. शेवटी मागणी पुन्हा एकदा, आणि खाली बसा.

टीका करता येते. बोर्डाच्या धोरणावर, कामावर, निर्णयावर टीका करायला ते मनाई करू शकत नाहीत असं कायद्यात सरळ लिहिलंय. "स्टाफबद्दल वाईट बोलायचं नाही" असे नियम काही डिस्ट्रिक्टनी केले होते, पण मोरेनो व्हॅली डिस्ट्रिक्टच्या केसमध्ये १९९६ मध्ये आणि व्हिस्टाच्या केसमध्ये १९९७ मध्ये फेडरल कोर्टाने ते नियम रोखले. तरी माझं मत विचाराल तर एखाद्या शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर माइकवर नाव घेण्याआधी प्रिन्सिपलकडे लेखी द्या, तिथे काम लवकर होतं आणि कुणाची रोजीरोटी सगळ्यांसमोर टांगली जात नाही. हक्क असणं आणि तो वापरायची वेळ येणं यात फरक आहे.

दुसऱ्याचं भाषण चालू असताना ओरडू नका, हुर्यो नको. मीटिंगमध्ये खरोखर व्यत्यय आणला तर अध्यक्ष ताकीद देऊन, तरी न थांबल्यास बाहेर काढू शकतात. टाळ्यांऐवजी सगळ्यांनी हात वर हलवायचे अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ती पाळा.

आई बोलली ते

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. २०१६ मध्ये एबी १७८७ नावाचं बिल पास झालं, त्यामुळे ब्राउन अ‍ॅक्टमध्ये असं आलं की वेळेची मर्यादा असेल आणि बोलणारा माणूस ट्रान्सलेटर वापरत असेल तर त्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. भाषा कुठलीही. मराठीसुद्धा.

आमच्या चालत जायच्या अंतरावरची एलिमेंटरी शाळा दुसरीत विलीन करायचा प्रस्ताव आला होता, मुलं कमी झाली म्हणून. दुसरी शाळा सहा लेनच्या रस्त्यापलीकडे. आई तेव्हा सांगलीहून आलेली, नातवाला सकाळी सोडायची-आणायची तीच. मी अजेंडा वाचून दाखवत होते तर ती म्हणाली, "मग हे मीच सांगते की त्यांना, तुला काय माहीत तो रस्ता, तू गाडीतून जातेस." मी म्हटलं आई तिथे इंग्रजी लागतं. आणि मग मला ते दुप्पट वेळेचं कलम आठवलं. मी क्लार्कला एक दिवस आधी ईमेल केली की आमच्याकडून एक वक्ता मराठीत बोलेल, ट्रान्सलेटर आम्ही आणू. एका ओळीत उत्तर आलं, हो, सहा मिनिटं.

शेजारच्या एका ताई भाषांतराला उभ्या राहिल्या. आई कॉटनची साडी, वर स्वेटर, पायात स्पोर्ट शूज. माइक तिच्या तोंडापेक्षा वर होता, एका ट्रस्टीने उठून येऊन खाली केला. ती म्हणाली, "नमस्कार. मी आजी. मी त्या रस्त्यावर काल उभी राहून मोजलं. तो पांढरा चालणारा माणूस लागल्यापासून तो हात दाखवून आकडे संपेपर्यंत मी अर्ध्या रस्त्यापर्यंतच पोचते. मी सात वेळा करून बघितलं. नातू पळतो, मी पळू शकत नाही, आणि त्याचा हात सोडू शकत नाही." ताईंनी तेवढं सांगितलं. आई थांबली, परत म्हणाली, "शाळा बंद करायची तर करा, पैसे नाहीत ते मला कळतं, आमच्याकडेही शाळा बंद होतात. पण आधी तुमच्यातल्या कुणीतरी सकाळी आठ वाजता माझ्याबरोबर तो रस्ता ओलांडा." सहा मिनिटांतली साडेतीन वापरून ती खाली बसली. वेळ दाखवणारा समोरचा लाइट अजून हिरवाच होता.

एक ट्रस्टी बाई गुरुवारी सकाळी खरंच आल्या. मतदान त्या रात्री पुढे ढकललं, स्टाफला चालत जायच्या रस्त्यांचा रिपोर्ट करायला सांगितला. शाळा शेवटी विलीन झालीच, ते आम्हाला थांबवता आलं नाही आणि त्याचं वाईट अजून वाटतं. पण ठरावात त्या रस्त्यापलीकडच्या मुलांसाठी बस आली आणि क्रॉसिंग गार्डसाठी सिटीला पत्र गेलं. विषय अजेंड्यावर होता आणि मत अजून व्हायचं होतं म्हणूनच हे झालं. तेच भाषण आईने एक मीटिंग उशिरा केलं असतं तर ते माझ्यासारखंच हवेत गेलं असतं.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्या. मुलांना शाळेतून आणणं-सोडणं ज्यांच्याकडे असतं त्यांना शाळेबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. भाषांतर करणाऱ्याबरोबर घरी एकदा सराव करा, दोन-दोन वाक्यांवर थांबायचं, आणि भाषांतर करणाऱ्याने स्वतःचं काही घालायचं नाही.

बंद दाराआड काय चालतं

क्लोज्ड सेशन म्हटलं की लोकांना संशय येतो, पण त्याला कायद्याने ठरलेली कारणं आहेत: कर्मचाऱ्याची नेमणूक किंवा कारवाई, कोर्टकेस, युनियनशी वाटाघाटी, जागेचा खरेदी-विक्रीचा भाव, एखाद्या विद्यार्थ्यावरची शिस्तीची कारवाई. बजेट कुठे कापायचं, शाळा बंद करायची का, हे सर्वसाधारण विषय आत घेता येत नाहीत. आत जाण्याआधी ते विषय जाहीर करावे लागतात आणि त्यांवरही तुम्हाला आधी बोलता येतं. आत घेतलेले ठराविक निर्णय आणि त्यावरची मतं बाहेर येऊन सांगावी लागतात. ही घोषणा बऱ्याचदा रात्री उशिरा एका वाक्यात होते, लक्ष ठेवा.

नियम मोडला असं वाटलं तर

आधी सुपरिंटेंडेंटच्या ऑफिसला साधी ईमेल करा, बऱ्याचदा चूक नजरचुकीने झालेली असते आणि ते सुधारतात. नाहीच झालं तर लेखी "क्युअर अँड करेक्ट" मागणी करायची असते, म्हणजे अमुक तारखेचा अमुक निर्णय कायद्याला धरून नव्हता, तो दुरुस्त करा. यालाही मुदत आहे: साधारणपणे निर्णयापासून ९० दिवस, पण उघड मीटिंगमध्ये अजेंड्यावर नसलेला विषय मंजूर केला अशी तक्रार असेल तर ३० दिवसच. बोर्डाला उत्तराला ३० दिवस मिळतात. तिथून पुढे कोर्टात जायला जेमतेम १५ दिवस असतात, तेव्हा इथे मात्र वकील गाठा, इंटरनेटवर वाचून करायचं काम नाही ते. जिंकलात तर कोर्ट वकिलाचा खर्च डिस्ट्रिक्टकडून देववू शकतं.

कागदपत्रं हवी असतील तर पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली मागा, आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखंच, रेकॉर्ड देता येईल की नाही ते १० दिवसांत कळवावं लागतं. मागणी नेमकी ठेवा, "सगळे ईमेल द्या" म्हटलं की महिनोन्महिने जातात.

मीटिंग झाल्यावर

घरी येऊन झोपू नका लगेच, दोन ओळी लिहून ठेवा, कोण काय म्हणालं, स्टाफला काय करायला सांगितलं, कधीपर्यंत. दुसऱ्या दिवशी ट्रस्टींना आभाराची ईमेल आणि त्यात तेच दोन मुद्दे. त्यांनी कबूल केलेलं लेखी समोर आलं की ते विसरलं जात नाही. डिस्ट्रिक्टने केलेलं रेकॉर्डिंग किमान ३० दिवस ठेवावं लागतं, पाहिजे तो भाग तेवढ्यात बघून घ्या.

मग मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त. ते पुढच्या एखाद्या मीटिंगला मंजुरीला येतं, आणि येतं कुठे तर कन्सेंट कॅलेंडरमध्ये. उघडून वाचा. आमच्या त्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये आईचं आडनाव चुकलं होतं आणि "क्रॉसिंगबद्दल चिंता व्यक्त केली" एवढंच होतं, मतदान पुढे ढकलण्याची मागणी लिहिलेलीच नव्हती. मी रविवारी क्लार्कला ईमेल केली, मंगळवारी सुधारलेली प्रत अजेंड्याला जोडलेली होती. त्याची प्रिंट आई जाताना बॅगेत घालून सांगलीला घेऊन गेली.